इन्सुलिनवरचा रोजचा दिवस: सुई, जागा, वेळ, ताट आणि मग डोस

सकाळी शुगरच्या मीटरवर २१२ दिसले की हात आपसूक इन्सुलिनच्या पेनच्या डायलकडे जातो. दोन युनिट वाढवू, उद्या नीट येईल. इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिली दीड-दोन वर्षे मी हेच करत होतो. मग एका रात्री अडीचच्या सुमारास जाग आली ती घामाने भिजलेल्या अंथरुणात. हात थरथरत होते, शब्द नीट फुटत नव्हते आणि मीटर ४८ दाखवत होते. बायकोने साखरेचे पाणी पाजले, पंधरा-वीस मिनिटांनी मी माणसात आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोस विचारण्याआधी सदरा वर करायला सांगितला आणि पोटावरून बोटे फिरवली. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी, रबरासारखी गाठ होती. रोज मी तिथेच टोचत होतो, कारण तिथे दुखत नव्हते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा तर कधी अर्धवटच रक्तात जात होते. आदल्या दिवशी मी सहज डावीकडे टोचले आणि वाढवत नेलेला सगळा डोस एकाच वेळी अंगात उतरला.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरला आहे. आकडा बिघडला की आधी सुई पाहायची, मग टोचण्याची जागा, मग वेळ, मग ताट आणि सगळ्यात शेवटी डोस. हा लेखही साधारण त्याच क्रमाने जातो. डोस किती घ्यायचा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांनी ठरवलेला डोस रोज नीट लागू पडावा म्हणून आपल्या हातात काय काय आहे, ते इथे लिहिले आहे. शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत; तुमचे मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा.

आपल्या हातातले इन्सुलिन कोणते, ते ओळखा

बाटलीवरचे किंवा पेनवरचे नाव वाचा आणि ते कोणत्या गटातले आहे हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. निरोगी माणसाचे स्वादुपिंड दोन तऱ्हांनी इन्सुलिन सोडते: दिवसरात्र थोडे थोडे, आणि जेवण झाले की त्याच्या मापाने जास्त. आपली इंजेक्शने या दोन कामांची नक्कल करतात, आणि कोणते इंजेक्शन कोणते काम करते हे कळल्याशिवाय वहीतले आकडे वाचताच येत नाहीत.

जेवणासाठीचे जलद इन्सुलिन म्हणजे लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. ते १० ते १५ मिनिटांत काम सुरू करते, एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वात जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत ते ओसरते. जुने रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासाने सुरू होते, दोन ते चार तासांनी जोरात असते आणि सहा ते आठ तास रेंगाळते. म्हणूनच रेग्युलर जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात आणि जलद इन्सुलिन १०-१५ मिनिटे आधी. रेग्युलर टोचून लगेच जेवायला बसले तर अन्नातली साखर आधी चढते आणि इन्सुलिन तिच्या मागून धावते. दोन तासांचे रीडिंग वाढलेले येते, आणि पुढच्या जेवणाआधी तोच माणूस लो होतो, म्हणजे त्याची शुगर फार खाली उतरते. डोस बरोबर असूनही दोन्हीकडून मार बसतो तो केवळ वेळ चुकल्यामुळे.

दिवसरात्रीच्या कामासाठीचे इन्सुलिन म्हणजे बेसल. एनपीएच दुधाळ दिसते, चार ते दहा तासांत त्याचा जोर येतो, त्यामुळे ते बहुतेकांना दिवसातून दोनदा घ्यावे लागते. ग्लार्जिन साधारण २४ तास बऱ्यापैकी एकसारखे काम करते. डेग्लुडेक ४० तासांहून अधिक टिकते, त्यामुळे कालच्या आकड्यावरून आज त्याचा डोस हलवण्यात अर्थ नसतो; बदलाचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात.

मिश्र इन्सुलिनवर असाल, उदाहरणार्थ ३०/७०, तर त्यातला ३० टक्के भाग लवकर आणि ७० टक्के भाग उशिरा काम करतो. सकाळी टोचलेल्या इन्सुलिनचा उशिराचा भाग दुपारी जोरात असतो, तुम्ही दुपारी जेवा अथवा न जेवा. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाची वेळ टाळणे म्हणजे शुगर लो होण्याला आमंत्रणच.

टोचणे

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

सिरिंज वापरत असाल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते प्रत्येक नव्या खरेदीला पाहा. इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असते, पण ४० युनिटच्या बाटल्याही वापरात आहेत. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी झाली तर १० च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात ४ युनिटच जातात. उलटी जोडी झाली तर १० च्या जागी २५ जातात, आणि ते जीवघेणे ठरू शकते. सिरिंजच्या टोपणाच्या रंगावर विसंबू नका. छापलेला आकडा वाचा.

दुधाळ इन्सुलिन असेल तर पेन किंवा बाटली दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा हळू फिरवा आणि दहा वेळा उलटीपालटी करा. सगळे एकसारखे दुधाळ दिसले पाहिजे. जोरात हलवू नका, फेस होतो आणि माप चुकते. एकाच सिरिंजमध्ये दोन इन्सुलिन भरायला सांगितले असेल तर आधी स्वच्छ, मग दुधाळ. ग्लार्जिन मात्र दुसऱ्या कशातही मिसळायचे नाही.

पेनला दर वेळी नवी सुई लावा आणि सुई वर धरून २ युनिट हवेत सोडा. टोकावर थेंब दिसला की मगच आपला डोस लावा. हे दोन युनिट वाया गेले असे पुष्कळांना वाटते. पण सुई बंद आहे की चालू, आत हवा आहे का, हे कळायला दुसरा मार्ग नाही. ४ मिलिमीटरची सुई जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना पुरते, लठ्ठ असोत वा सडपातळ. ती सरळ, काटकोनात टोचायची. फार बारीक माणसाने आणि लहान मुलांसाठी त्वचेची अलगद चिमटी धरावी, म्हणजे सुई स्नायूत जात नाही. बटण पूर्ण दाबले की मनात दहापर्यंत मोजा आणि मगच सुई बाहेर काढा. घाईने काढली तर थेंब बाहेर येतो, आणि तो थेंब तुमच्या डोसातलाच असतो. टोचलेली जागा चोळू नका, आणि लगेच कढत पाण्याने अंघोळ टाळा. उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषले जाते.

काम झाले की सुई काढून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. सुई पेनवर तशीच राहिली तर आत हवा शिरते आणि इन्सुलिन गळते. सुई बदलूनही एकाचे पेन दुसऱ्याने वापरायचे नाही, घरातल्याच माणसाचे असले तरीही, कारण पेनच्या आत रक्ताचा अंश मागे शिरू शकतो.

आता जागा. पोट, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ल्याचा वरचा भाग या चार जागा चालतात. पोटावर बेंबीपासून चार बोटे लांब राहा. पोटातून इन्सुलिन सर्वात लवकर शोषले जाते, मांडी आणि कुल्ल्यातून सावकाश. म्हणून एका वेळचे इंजेक्शन एकाच भागात ठेवा: जेवणाचे पोटावर, रात्रीचे मांडीवर, असे काहीतरी ठरवून टाका. पण त्या भागात रोजची टोच हलती हवी. मी पोटाचे चार चौकोन मानले आहेत. एका आठवड्याला एक चौकोन, आणि त्यातही प्रत्येक टोच आधीच्या टोचेपासून बोटभर दूर. दर रविवारी सगळ्या जागांवरून बोटे फिरवायची. कुठे कडक, फुगीर किंवा रबरासारखे लागले तर तो भाग काही महिने पूर्ण बंद.

गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागाल त्या दिवशी तोच डोस जास्त जोरात लागू पडेल. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले होते. गाठ सापडली की आधी डॉक्टरांना कळवा, डोस कमी करायचा का ते विचारा आणि पुढचे काही दिवस शुगर अधिक वेळा तपासा.

साठवणीचे थोडक्यात सांगतो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकूनच द्यायचे. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानात, ३० अंशांच्या खाली, २८ दिवस टिकते. काही प्रकारांची मुदत वेगळी असते, ती खोक्यातल्या कागदावर छापलेली असते. उघडल्याची तारीख पेनवर चिकटवा. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन कधीही ठेवू नका. विमानप्रवासात ते सोबतच्या पिशवीत हवे, सामानात नको. स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसले किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये कण चिकटलेले दिसले तर मुदत बाकी असली तरी वापरू नका.

मीटर आणि वही

बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करा. फळ कापलेल्या हाताने तपासले तर बोटावरच्या साखरेमुळे आकडा खोटा वाढतो, आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर काय होईल ते सांगायला नको. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला कमी दुखते. चांगले मीटरसुद्धा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते, म्हणून १४२ आणि १५० यांत फरक शोधत बसू नका.

रोज सात वेळा तपासणे सगळ्यांना जमत नाही. जोडीने तपासा. या आठवड्यात सकाळच्या खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी; पुढच्या आठवड्यात दुपारची जोडी, मग रात्रीची. जोडीतला फरक त्या ताटाबद्दल आणि त्या इंजेक्शनबद्दल बोलतो. उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः बेसल इन्सुलिनबद्दल बोलतो. गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. वयस्कर, एकट्या राहणाऱ्या किंवा वारंवार लो होणाऱ्या माणसासाठी ते सैल असते आणि असलेच पाहिजे. गर्भारपणात ते याहून बरेच कडक असते.

वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, आकडा, इन्सुलिन, काय खाल्ले, शेरा. शेऱ्याचा रकाना लोक रिकामा सोडतात. मला विचाराल तर तोच सर्वात कामाचा. ‘झोप नाही’, ‘खूप चाललो’, ‘सर्दी’, ‘ऑफिसात भांडण’ या दोन-दोन शब्दांनी महिन्याच्या शेवटी कोडी सुटतात. एका आकड्यावरून काहीच ठरवू नका. तीन दिवस त्याच वेळी तोच प्रकार दिसला तर ती खूण.

सकाळची शुगर वाढलेली येते, ही इन्सुलिन घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार. दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे ३ ला आणि उठल्यावर असे तीन आकडे घ्या. झोपतानाच २२० असेल आणि तिथेच राहिले तर दोष रात्रीच्या जेवणाचा किंवा त्याच्या इन्सुलिनचा. झोपताना १३०, तीनला १३५ आणि सहाला १९० असेल तर पहाटे शरीर जी संप्रेरके सोडते त्यांनी यकृतातली साखर बाहेर काढली. हे जवळजवळ सगळ्यांना होते, फक्त आपल्याकडे ते अडवायला पुरेसे इन्सुलिन नसते. आणि तीनला ६५ असेल तर सकाळचा आकडा कितीही मोठा असो, रात्रीचा डोस वाढवायचा नाही. डॉक्टरांना दाखवून तो कमीच करावा लागेल. एकच सकाळचा आकडा आणि तीन वेगळी कारणे. मी डोळे मिटून दोन-दोन युनिट वाढवत होतो ते का चूक होते, हे मला या तीन आकड्यांनी शिकवले.

एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४, ८ टक्के म्हणजे १८३. पण ५० आणि २६० यांची सरासरीही १५५ येते. म्हणून चांगल्या एचबीए१सीवर निर्धास्त होऊ नका, सोबत वही पाहा. रक्तक्षय असेल तर हा आकडाच फसवा येऊ शकतो.

सतत शुगर दाखवणारा, दंडावर चिकटवायचा सेन्सर परवडत असेल तर जरूर वापरा. त्याचा आकडा रक्ताच्या मागे काही मिनिटे चालतो, त्यामुळे शुगर झपाट्याने उतरत असताना किंवा अंगाला जाणवते आणि सेन्सर दाखवतो यांत मेळ नसेल तर बोट टोचूनच खात्री करा.

ताट

‘मी गोड खातच नाही, मग शुगर का वाढते?’ हा प्रश्न मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की उत्तर आकड्यांतच द्यावेसे वाटते. १५० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि पचल्यावर त्यांची साखरच होते. हे जवळपास दहा चमचे साखरेइतके झाले. भात वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. जेवणाचे इन्सुलिन मुख्यतः कर्बोदकांसाठी असते, म्हणून ताटात ती किती आहेत हे माहीत असायला हवे.

दोन आठवडे स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा. तेवढ्या दिवसांत डोळा तयार होतो आणि मग काट्याची गरज क्वचितच लागते. १५ ग्रॅम कर्बोदके म्हणजे एक माप, असे धरून चला. शिजलेला भात एक तृतीयांश कप, पावाचा एक साधा तुकडा, मध्यम केळ्याचे अर्धे, एक लहान सफरचंद किंवा ७५ ग्रॅम उकडलेला बटाटा म्हणजे प्रत्येकी साधारण एक माप. कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम. अर्धा कप शिजवलेल्या मसुरीत २० ग्रॅम असतात, पण त्यातले आठेक ग्रॅम न पचणारे तंतूच असतात आणि सोबत नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे डाळीने शुगर भातासारखी उसळत नाही. पालेभाज्या, काकडी, फुलकोबी, दुधी यांत कर्बोदके इतकी कमी की मोजायचे कारण नाही. अंडी, मासे, मांस, पनीर यांत जवळजवळ नसतातच.

तुमचा डोस ठरलेला असेल, रोज सकाळी इतके आणि रात्री इतके, तर कर्बोदकेही दर जेवणाला जवळपास तेवढीच ठेवा. एका दिवशी दोन मापे आणि दुसऱ्या दिवशी सहा मापे, आणि इन्सुलिन मात्र तेवढेच, असे केले तर आकडे नाचणारच.

मोजणे नको वाटत असेल तर ताटाचे भाग पाडा. वीतभर ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा, उरलेला पाव भाग धान्याचा. भात, पाव आणि बटाटा एकाच ताटात आले की धान्याचा चौथा हिस्सा नकळत पाऊण ताट होतो. खाण्याचा क्रमही बदलून पाहा: आधी भाजी, मग डाळ किंवा अंडे-मासे, धान्य शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच अन्न, आणि तरी दोन तासांचे रीडिंग कमी येते. मला इतक्या स्वस्तात मिळालेला दुसरा फायदा आठवत नाही. जोडीच्या तपासणीने स्वतः करून पाहा.

फळ खा, रस नको. रसात तंतू जातात आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते. मध आणि खजूर हे शुगरसाठी साखरच आहेत, नैसर्गिक असले तरी. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतोच. पाकिटामागे ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचा आणि ती किती ग्रॅमच्या हिशेबाने दिली आहे तेही वाचा. फार तेलकट-तुपकट जेवणाने दोन तासांचा आकडा छान येतो आणि चार-सहा तासांनी शुगर चढत राहते, कारण चरबीमुळे पोट सावकाश रिकामे होते. अशा जेवणानंतर झोपण्याआधी एकदा तपासाच.

इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन वाढते. आधी लघवीवाटे जाणारी साखर आता शरीरात राहते, त्याचा हा परिणाम. वजनाच्या भीतीने इंजेक्शन चुकवू नका. भूक नसताना केवळ ‘इन्सुलिन घेतले आहे म्हणून’ मधल्या वेळी सतत खावे लागत असेल तर डोस जास्त आहे असे समजून डॉक्टरांशी बोला.

आता डोस

दिवसाचे एकूण युनिट माहीत असले की दोन अंदाज काढता येतात. जलद इन्सुलिनसाठी ५०० ला त्या एकूण युनिटने भागले की एक युनिट किती ग्रॅम कर्बोदके सांभाळते ते कळते. १८०० ला भागले की एक युनिट शुगर किती उतरवते ते कळते. समजा दिवसाचे एकूण ४० युनिट आहेत. ५०० भागिले ४० म्हणजे साडेबारा ग्रॅम; १८०० भागिले ४० म्हणजे ४५. जेवणात ६० ग्रॅम कर्बोदके असतील तर सुमारे ५ युनिट. जेवणाआधी शुगर २१० आणि लक्ष्य १२० असेल तर ९० उतरवायचे, म्हणजे आणखी २. एकूण ७. हे सुरुवातीचे गणित आहे. तुमचे खरे प्रमाण वहीवरून आणि डॉक्टरांसोबत बसून ठरते, आणि सकाळचे व रात्रीचे प्रमाण वेगळे निघू शकते.

या गणितात सर्वात मोठा धोका उतावळेपणाचा. जेवून दोन तासांनी २४० दिसले, ३ युनिट टोचले. तासाभराने अजून २१०, पुन्हा ३. पहिले इन्सुलिन अजून काम करतेच आहे. दोन्हींचा जोर एकत्र आला की शुगर कोसळते. वाढलेली शुगर उतरवण्यासाठी घेतलेले, म्हणजे दुरुस्तीचे, जलद इन्सुलिनचे दोन डोस किमान चार तासांच्या अंतराने असावेत, आणि झोपताना दुरुस्तीचा डोस डॉक्टरांनी सांगितला असेल तरच घ्यावा.

बेसलसाठी पुष्कळ डॉक्टर असा नियम देतात की उपाशीपोटीचे आकडे लक्ष्याच्या वर राहिले तर दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवा, आणि कारण न सापडता शुगर लो झाली तर डोस १० ते २० टक्के कमी करा. तुम्हाला असा लेखी नियम मिळाला नसेल तर मागून घ्या.

टोचले की नाही हेच आठवत नसेल तर पुन्हा टोचू नका. शुगर तपासत राहा. एक डोस चुकल्याने होणारे नुकसान दुहेरी डोसापेक्षा कमी असते. टोचल्याबरोबर वहीत खूण करण्याची सवय लावली की हा प्रश्न उरत नाही.

शुगर लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर: यातले काही जाणवले की आधी तपासा, मीटर जवळ नसेल तर न तपासता साखर घ्या. १५ ग्रॅम लवकर विरघळणारी साखर म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा अर्धा कप गोड फळरस. पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच. वर आल्यावर पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल तर थोडे धान्य किंवा दूध घ्या. चॉकलेट या कामाला नको, त्यातली चरबी साखरेला अडवून धरते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांनी साध्या साखरेऐवजी ग्लुकोजच जवळ ठेवावे, कारण त्या गोळ्या साखरेचे विघटन रोखतात.

त्या पंधरा मिनिटांत भीतीने भसाभस खावेसे वाटते. मी तसे खाल्ले आहे, आणि तासाभराने ३०० पाहिले आहे. मोजलेली साखर एका छोट्या डबीत उशाशी, एक पिशवीत आणि एक गाडीत ठेवा. घाबरलेल्या वेळी मोजायचे भान नसते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, साखरही नाही; ती श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन (शुगर चटकन वाढवणारे औषध) असेल तर द्या आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. हे घरच्यांना आधीच शिकवून ठेवायचे असते. वारंवार लो होणाऱ्याला पुढेपुढे लक्षणेच जाणवेनाशी होतात, आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी धडधड-थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. गाडी चालवण्याआधी ९० च्या वर असल्याची खात्री करा.

आजारपण, चालणे आणि दारू

ताप आला, उलट्या होत आहेत, काही खाल्ले जात नाही. मग इन्सुलिन कशाला? हा विचार जीव घेतो. आजारात शरीर स्वतःहून साखर बाहेर काढते. जेवणाचे इन्सुलिन खाण्याप्रमाणे कमी होईल, पण बेसल बंद करायचे नाही, आणि टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नसेल, तर कोणत्याही परिस्थितीत नाही. दर दोन ते चार तासांनी शुगर तपासा, पाणी घोटघोट पीत राहा. शुगर २५० च्या वर राहत असेल तर रक्तातले किंवा लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळू लागली की तयार होणारी आम्ले) तपासा. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच फोन, ३ च्या वर गेले तर थेट रुग्णालय. पोटात दुखणे, सतत उलट्या, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही लक्षणे असतील तर आकड्याची वाट पाहू नका. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर आजारात ती थांबवायची का ते आधीच विचारून ठेवा. त्या गोळ्यांवर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोन चढू शकतात.

जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालण्याने दोन तासांचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. जास्त व्यायाम करणार असाल तर आधी तपासा: ९० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कर्बोदके घेऊन सुरू करा, कीटोन असतील तर व्यायाम नको. भरपूर श्रमांनंतर शुगर त्याच रात्री, झोपेत उतरू शकते. त्या दिवशी झोपताना तपासा.

दारू यकृताला साखर सोडू देत नाही, त्यामुळे उपाशीपोटी घेतली तर दुसऱ्या दिवसापर्यंत लो होण्याचा धोका राहतो. शिवाय लो झालेला माणूस आणि प्यालेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो, आणि मदत मिळायला उशीर होतो.

डॉक्टरांकडे जाताना

रोज रात्री पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. संवेदना कमी झाली असेल तर जखम दुखत नाही, म्हणून ती डोळ्यांनीच शोधावी लागते. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, रक्तातील चरबी आणि पायांची संवेदना तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी १२ही. तपासणीला वही, मीटर आणि वापरातले पेन-सुया सोबत न्या. एकदा त्यांच्यासमोर टोचून दाखवा. आणि टोचण्याच्या जागा त्यांच्या बोटांनी तपासायला सांगा, त्यांनी विचारले नाही तरी.